परीक्षेच्या दिवसांत कॉलेजात थेरपी डॉग आणायचा असेल तर

नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं आहे: सत्र परीक्षेच्या आधी आमच्या मुलांसाठी थेरपी डॉग, म्हणजे माणसांचा ताण हलका व्हावा म्हणून भेटीला आणले जाणारे शांत स्वभावाचे कुत्रे, बोलवावेत असा विचार आहे. प्राचार्य म्हणतात, याने खरंच काही होतं का ते आधी दाखवा. काही पालकांना चावण्याची भीती वाटते. शिवाय वसतिगृहाच्या आवारात दोन कुत्री आधीपासूनच आहेत आणि मुलांचा त्यांच्यावर जीव आहे. मग बाहेरून कुत्रा आणायची गरज काय?

मी समुपदेशक आहे. पुण्यातल्या कॉलेजांमध्ये बरीच वर्षं काम करते आहे आणि त्यातल्या मोठ्या काळात माझ्याबरोबर माझी कुत्री असते. तुमचे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. थोडक्यात सांगायचं तर हो, उपयोग होतो. पण तो केव्हा होतो? कुत्र्याला स्वतःला तिथे असावंसं वाटत असेल, मुलांना त्याला निवांत हात लावता येत असेल आणि त्याच्या शेजारी बसलेला माणूस चांगला असेल तेव्हा. यातलं काहीही गळालं, तर कार्यक्रम पार पडतो, पण मुलांच्या पदरात काही पडत नाही.

आधी प्राचार्यांचा प्रश्न घेऊ. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या पॅट्रिशिया पेंड्री यांनी २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २४९ विद्यार्थ्यांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, चार गट पाडले होते. एका गटाने १० मिनिटं कुत्र्यामांजरांना हाताने गोंजारलं. दुसऱ्याने आपली पाळी येईपर्यंत उभं राहून इतरांना गोंजारताना पाहिलं. तिसऱ्याला त्याच प्राण्यांची छायाचित्रं दाखवली. चौथ्याला नुसतं थांबायला सांगितलं. मग सगळ्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणारं संप्रेरक, मोजलं. ज्यांनी हात लावला होता त्यांच्यात ते इतरांपेक्षा कमी निघालं. नुसतं पाहून किंवा चित्रं बघून तेवढा फरक पडला नव्हता. "बरं वाटलं" असं मुलांनी कागदावर लिहून देणं वेगळं आणि शरीरातच फरक दिसणं वेगळं, म्हणून हा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या केलोना इथल्या संकुलात 'बार्क' नावाचा उपक्रम २०१२ पासून चालतो. जॉन-टायलर बिन्फेट यांनी तो उभा केला. त्यांच्या गटाने २८४ विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात तीन गट होते: कुत्र्याला हात लावू शकणारे, कुत्रा समोर असूनही हात न लावणारे आणि कुत्र्याविना फक्त हँडलरशी, म्हणजे कुत्र्याला घेऊन येणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या माणसाशी, बोलणारे. सगळ्याच गटांना काही ना काही बरं वाटलं, पण मोजलेल्या प्रत्येक बाबतीत सुधारणा दिसली ती फक्त हात लावणाऱ्यांमध्ये. या निष्कर्षाच्या दोन्ही बाजू प्राचार्यांना सांगा. स्पर्श महत्त्वाचा, हे तर आहेच. पण कुत्रा नसतानाही, निव्वळ एका आपुलकीच्या माणसाशी थोडा वेळ बोलून मुलं सैलावली, हेही तितकंच खरं आहे. म्हणून कुत्रा कोणत्या जातीचा आहे हे विचारण्याआधी त्याच्याबरोबर कोण येणार आहे ते विचारा.

मर्यादाही सांगते. अशा अभ्यासांत नाव नोंदवणारी मुलं बहुतेक कुत्रं आवडणारीच असतात. आपल्याला कुत्रा मिळाला की नाही हे भाग घेणाऱ्यापासून लपवता येत नाही, त्यामुळे अपेक्षेचा भाग किती हे वेगळं काढणं कठीण जातं. शिवाय बरीचशी मोजमापं भेटीनंतर लगेचच घेतलेली असतात. परीक्षेचे गुण वाढतील, नैराश्य जाईल, असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

पेंड्री यांचा २०२१ मधला अभ्यास मात्र मी प्रत्येक कॉलेजला आवर्जून सांगते. ३०९ विद्यार्थी, चार आठवड्यांचा कार्यक्रम. काहींना तणाव-नियोजनाची व्याख्यानं दिली, काहींना निम्मी व्याख्यानं आणि निम्मा वेळ कुत्री, काहींना फक्त कुत्र्यांचा सहवास. जी मुलं आधीच जास्त ताणात होती, त्यांची नियोजन करण्याची, लक्ष टिकवण्याची क्षमता सर्वांत सुधारली ती व्याख्यान अजिबात नसलेल्या गटात, आणि कार्यक्रम संपून सहा आठवडे झाल्यावरही तो फरक टिकून होता. आपल्याकडे कुठल्याही उपक्रमाला दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक आणि 'ताणमुक्त परीक्षा' या विषयावरचं भाषण जोडायची पद्धत आहे. कृपया यातलं काहीही करू नका. खोली, सतरंजी, कुत्रा, हँडलर आणि मुलं एवढंच पुरे.

आता त्या खोलीत नेमकं काय होतं ते सांगते, कारण आकड्यांपेक्षा हे कळलं तर तुम्हाला मांडणी नीट करता येईल.

मुलं खाली बसतात, एका कुत्र्याभोवती तीन-चार. पहिला विषय कुत्र्याचाच असतो. नाव काय, वय किती, काय खातो, चावतो का. मग कुणीतरी म्हणतं, आमच्याकडे पण आहे, शेतावर असतो, वाघ्या नाव. मग घर कुठलं, शेत किती लांब, शेवटचं कधी गेला होतास. "दिवाळीनंतर गेलोच नाही." का रे? आणि मग पुष्कळदा, नजर कुत्र्याच्या पाठीवर ठेवून, हात फिरवता फिरवता उत्तर येतं: "दोन विषय बॅक राहिलेत. घरी सांगितलेलं नाही." हेच मूल माझ्या केबिनमध्ये समोरासमोरच्या खुर्चीवर बसवलं असतं तर हे वाक्य यायला तीन-चार भेटी लागल्या असत्या, किंवा ते मूल केबिनमध्ये आलंच नसतं. कुत्र्याकडे बघत बोलताना समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. हाताला काम असतं. मध्येच गप्प झालं तरी ती शांतता अवघड वाटत नाही, कारण कुत्र्याला थोपटणं चालूच असतं.

न्यूयॉर्कमधले बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्या लक्षात १९६०च्या दशकात हेच आलं होतं. कुणाशी न बोलणारं एक मूल त्यांच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याजवळ खुलायला लागलं आणि त्यांनी कुत्र्याला आपला सह-उपचारक म्हणून कामात घेतलं. त्या काळात सहकाऱ्यांना ते विचित्र वाटलं. आज जगभर या क्षेत्राचा इतिहास सांगताना सुरुवात त्यांच्यापासून करतात.

स्पर्शाबद्दल आणखी एक. वसतिगृहातल्या मुलांना, त्यातही मुलग्यांना, महिनोन्महिने कुणाचा मायेचा हात लागलेला नसतो. शाळेत असताना आई डोक्याला तेल लावायची, धाकटं भावंड अंगाला खेटून झोपायचं. इथे आल्यावर ते सगळं एकदम थांबतं आणि त्याबद्दल बोलायला त्यांच्याकडे शब्दही नसतात. उबदार, श्वास घेणारं, वजनदार डोकं मांडीवर आलं की काही मुलांचे डोळे भरतात. तेव्हा हँडलरने काही विचारायचं नाही, समजावायचं नाही. नुसतं बसून राहायचं.

म्हणून हँडलर निवडताना मी बघते, की याला गप्प बसता येतं का. आपल्या कुत्र्याच्या करामती दाखवत बसणारा, 'शेक हँड'चे प्रयोग करणारा माणूस प्रेमळ असला तरी या कामाचा नाही. हँडलरचं लक्ष दोन ठिकाणी हवं, मुलांकडे आणि कुत्र्याकडे. त्यात आधी कुत्र्याकडे.

कुत्र्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्यांत जास्त गैरसमज इथेच आहेत. "आमचा गोल्डन फार गोड आहे, सगळ्यांशी खेळतो" असे फोन मला दर परीक्षेच्या मोसमात येतात. सगळ्यांशी खेळणारा कुत्रा आणि अनोळखी दहा हात अंगावर फिरत असताना शांत पडून राहणारा कुत्रा हे वेगवेगळे स्वभाव आहेत. पहिला बागेत शोभतो. या कामाला लागतो तो दुसरा: वर्षाच्या वरचा, भांडं पडलं तरी न दचकणारा, किंवा दचकला तरी क्षणात सावरणारा, माणसाजवळ आपणहून जाणारा आणि तिथे टेकणारा. जातीचा प्रश्न नंतरचा. लॅब्रॉडोर, गोल्डन यांत असे कुत्रे बरेच सापडतात हे खरं, पण मी उत्तम काम करणारे देशी कुत्रेही पाहिले आहेत. आपल्या हवेत तर देशी कुत्रा जास्त वेळ आरामात राहतो. हस्कीसारख्या दाट केसांच्या कुत्र्याला एप्रिलमध्ये नाशिकच्या कॉलेजात आणणं मला योग्य वाटत नाही, मुलं कितीही मागणी करोत.

कुत्रा नाही कसं म्हणतो, हे तुम्ही स्वतः शिकून घ्या आणि दारावर थांबणाऱ्या स्वयंसेवक मुलांनाही शिकवा. झोप नसताना जांभया देणं, खाणं समोर नसताना ओठ चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, शेपूट पोटाखाली घेणं, गरम नसताना धापा टाकणं, ओलं नसताना अंग झाडणं, हँडलरच्या पायामागे जाऊन बसणं. यातलं एखादं एकदाच दिसलं तर थांबून बघायचं. दोन-तीन एकत्र दिसली तर त्या कुत्र्याचा दिवस तिथेच संपवायचा. बाहेर रांगेत ४० मुलं उभी असली तरीही. गुरगुरणं ही फार पुढची पायरी आहे. चावण्याच्या बहुतेक घटना अचानक घडत नाहीत. कुत्र्याने आधी बराच वेळ सांगितलेलं असतं आणि कुणी ऐकलेलं नसतं. पालकांच्या भीतीवर खरा उपाय हाच, की खोलीत कुत्र्याचं ऐकणारा माणूस असावा.

मुलांना सुरुवातीला एवढंच सांगा: वाकून वरून डोक्यावर हात आणायचा नाही, मिठी मारायची नाही, तोंडाशी तोंड न्यायचं नाही. बाजूला बसायचं, हात पुढे ठेवायचा, तो आला तर छातीवर किंवा मानेच्या बाजूला खाजवायचं. तीन सेकंद खाजवून थांबायचं. परत जवळ सरकला तर पुढे चालू ठेवायचं, नाही सरकला तर राहू द्यायचं. हे शिकवणं अनेकांसाठी गरजेचं असतं. आपल्याकडे दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात, पण पुष्कळ घरांत कुत्र्याची जागा उंबऱ्याबाहेरच असते. भाकरी घातलेली असते, हात कधी लावलेला नसतो. अशी मुलं पहिल्यांदा बोटाच्या टोकाने स्पर्श करतात आणि मग उठायला तयार नसतात. 'नको म्हटलं की थांबायचं' हा धडा त्यांना कुत्र्याकडून मिळतो, त्याचाही मला आनंद वाटतो.

वेळेचं गणित साधं ठेवा. एका गटाला २० मिनिटं. दोन-तीन गट झाले की कुत्र्याला बाहेर फिरवून आणायचं, पाणी द्यायचं. एका कुत्र्याने एका दिवसात तासभर काम केलं की पुरे, मध्ये विश्रांती धरून दीड तास. जास्त मुलं असतील तर कुत्रे वाढवा, तास वाढवू नका. सभागृह नको, छोटी, पंखा किंवा एसी असलेली खोली हवी, जिला दुसरं दार असेल तर उत्तम. गुळगुळीत फरशीवर कुत्रे घसरतात आणि घाबरतात, म्हणून सतरंज्या अंथरा. सकाळी ८ ते १० ही वेळ उन्हाळ्यात सोयीची. दुपारी पार्किंगपासून खोलीपर्यंतच्या तापलेल्या डांबरावर कुत्र्याचे तळवे भाजतात. आपला हात पाच सेकंद जमिनीवर ठेवता येत नसेल तर कुत्र्याला चालवायचं नाही.

कागदपत्रांत रेबीजची लस, डिस्टेंपर-पार्व्हो या कुत्र्यांच्या आजारांवरची लस, जंतनाशक, गोचिडांवरचे उपचार आणि महापालिकेचा परवाना मागा. अलीकडची पशुवैद्यकीय तपासणी झालेली असावी. कच्चं मांस खाणारा कुत्रा घेऊ नका, कारण त्याच्या लाळेतून आणि विष्ठेतून साल्मोनेलासारखे जिवाणू पसरू शकतात. अमेरिकेतल्या पेट पार्टनर्स या जुन्या संस्थेचाही असाच नियम आहे. पट्टा पूर्ण वेळ हँडलरच्याच हातात राहील. मुलांनी आधी आणि नंतर हात धुवायचे. एवढं करूनही ओरखडा उठलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि कुत्र्याचं लसीकरण पूर्ण असलं तरी डॉक्टरांना दाखवायचं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं, त्यामुळे इथे कुणी "घरचाच कुत्रा आहे, काही होत नाही" म्हणायचं नाही. पालकांना पाठवायच्या पत्रात हे सगळं स्पष्ट लिहा. मोघम आश्वासनापेक्षा तयारी दिसली की भीती जास्त कमी होते, असा माझा अनुभव आहे.

ज्यांना यायचं नाही त्यांचाही विचार करा. काहींना लहानपणी कुत्रा चावलेला असतो, काहींना दमा किंवा ॲलर्जी असते, काही मुस्लिम मुलांना कुत्र्याच्या लाळेचा स्पर्श धर्मामुळे नको असतो. यातल्या कुणालाही कारण सांगावं लागू नये. खोली अशा जागी असावी की कुणाला वर्गात जाताना त्या दारावरून जावं लागणार नाही. दारावर पाटी लावा, येण्याची सक्ती कधीही नको आणि हजेरी, क्रेडिट यांच्याशी तर ते जोडूच नका. कॅमेराही बाहेर ठेवा. एखादं मूल रडत असताना कॉलेजच्या इन्स्टाग्रामसाठी त्याचं चित्रण होणं हा त्या मुलाशी झालेला विश्वासघात आहे. या बाबतीत मी कुठल्याही संस्थेशी तडजोड करत नाही.

यापुढचं मी अधिक काळजीने लिहिते आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांचा मृत्यू आत्महत्येने झाला आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा होता. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा असं म्हटलं आहे. तुमच्या कॉलेजात अजून तो नसेल, तर आधी ती जागा भरा. समुपदेशकाऐवजी कुत्रा, हा सौदा मला मान्य नाही. असेल, तर त्यांना त्या खोलीत बसवा, पण टेबलखुर्ची मांडून नव्हे. ते सतरंजीवरच बसतील, कुत्र्याचं पाणी भरतील, मुलांशी गप्पा मारतील. ज्या मुलाला पुढे बोलायचं असेल त्याला माणूस ओळखीचा झालेला असेल. थेरपी डॉगचा सगळ्यांत टिकाऊ उपयोग मला इथे दिसतो. जी मुलं 'समुपदेशन कक्ष' या पाटीखालून कधी गेली नसती, ती कुत्र्यासाठी येतात आणि जाताना केबिन कुठे आहे ते विचारून जातात. हँडलरलाही एक गोष्ट पक्की माहीत हवी: एखाद्या मुलाच्या बोलण्यात जगण्याचा कंटाळा आला, तर ते स्वतः हाताळायचं नाही आणि मुलाला एकटं सोडायचंही नाही, शेजारच्या समुपदेशकाकडे त्याच क्षणी पोचवायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २४ तास चालतो, विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येतं. तो दारावर मोठ्या अक्षरात लावा.

हँडलर शोधताना, मुंबई-पुण्यात अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशनसारखी मानसशास्त्रज्ञांनी उभारलेली संस्था आहे, तिच्याकडे विचारणा करता येईल. नाशिकमध्ये तुमच्या ओळखीच्या पशुवैद्यकापासून सुरुवात करा, कारण कोणता कुत्रा सुई टोचतानाही शांत राहतो हे त्यांना माहीत असतं. पहिल्या खेपेला एक कुत्रा, एक सकाळ आणि १०-१२ मुलं, इतकंच करा. जमलं तर दर महिन्याला ठेवा. फक्त परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकदा करण्यापेक्षा त्याच मुलांना तोच कुत्रा परत परत भेटणं जास्त उपयोगी पडतं.

राहिली वसतिगृहाची दोन कुत्री. त्यांना या कामासाठी खोलीत आणू नका. ती अंगणात मुलांजवळ येतात तेव्हा आपल्या मर्जीने येतात आणि नको तेव्हा उठून जातात. बंद खोलीत, पट्ट्याने बांधून, अनोळखी मुलांच्या घोळक्यात ती तशीच वागतील याची खात्री कुणी देऊ शकत नाही. पण म्हणून मुलांचं त्यांच्याशी असलेलं नातं कमी मोलाचं ठरत नाही. रात्री अभ्यास संपवून पायरीवर कुत्र्याला बिस्किट घालत बसणारा मुलगा तुमच्या सगळ्या उपक्रमांच्या आधीपासून स्वतःची काळजी घेतो आहे.

त्यांच्याबाबत दुसरी अडचण कायद्याची आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्था, रुग्णालयं, बसस्थानकं अशा ठिकाणांहून भटकी कुत्री हलवून, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवण्याचे आणि पुन्हा त्याच जागी न सोडण्याचे आदेश दिले. त्यानंतरच्या सुनावण्यांमध्ये काय बदललं ते तुमच्या कॉलेजच्या वकिलांकडून तपासून घ्या आणि महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाशी लेखी संपर्क साधा. दोन्ही कुत्र्यांना कुणी दत्तक घेऊ शकतं का, हे आत्ताच विचारायला लागा. प्राध्यापकांपैकी कुणी, गावातलं एखादं घर, मुलांपैकी कुणाचं शेत. या बैठकीला त्यांना रोज खाऊ घालणाऱ्या मुलांना बोलवा. एक दिवस सकाळी कुत्री नाहीशी झालेली त्यांना दिसली आणि कुणी काही सांगितलं नाही, तर त्याच आठवड्यात तुम्ही सतरंजी अंथरून कितीही चांगला थेरपी डॉग आणलात, तरी ती मुलं त्या खोलीत येणार नाहीत.